घास अडकतो की घसा आवळतो? आधी एवढं वेगळं करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४२, स्त्री. तीन महिन्यांपासून घशात गोळा बसल्यासारखं वाटतं, संध्याकाळी घसा आवळल्यासारखा होतो. चपाती खाताना मधूनमधून घास उतरत नाही, पाण्याचा घोट घ्यावा लागतो. वजन उतरलेलं नाही. मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणून पंधरा दिवस घेतल्या, फरक जेमतेम. हे कशामुळे होतं आणि कुठल्या डॉक्टरकडे जावं?

तुम्ही एका दमात दोन निरनिराळ्या तक्रारी सांगितल्या आहेत. गोळा बसल्यासारखं वाटणं ही एक, आणि घास खरोखरच न उतरणं ही दुसरी. आपण दोन्हीला ‘घशात अडकतंय’ असंच म्हणतो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. पहिलीला दुसरी समजलं तर माणूस कॅन्सरच्या भीतीने महिनोन् महिने झोप घालवतो. दुसरीला पहिली समजलं तर ‘टेन्शनमुळे होतंय’ म्हणून तपासणी लांबते, आणि हे जास्त महागात पडतं.

नुसता गोळा असेल तर जेवताना त्रास होत नाही. उलट जेवायला बसलं की गोळ्याचा विसर पडतो. तो जाणवतो थुंकी गिळताना, संध्याकाळी काम आटोपून निवांत बसल्यावर किंवा रात्री अंथरुणावर पडल्यावर. याला वैद्यकीय भाषेत ग्लोबस म्हणतात. कंठाच्या खाली, जिथे घसा संपून अन्ननलिका सुरू होते, तिथे एक गोल स्नायू असतो. एरवी तो मिटलेला असतो आणि गिळताना क्षणभरच उघडतो. तो जरा जास्त आवळला गेला किंवा त्याच्याकडे सारखं लक्ष जाऊ लागलं, की काहीतरी बसलंय असं वाटतं. एक प्रयोग करून बघा. तोंडात काही न घेता लागोपाठ पाच वेळा थुंकी गिळा. चौथ्या-पाचव्या वेळी गिळणं अवघड होईल. हे धडधाकट माणसाचंही होतं, कारण गिळायला तोंडात काहीतरी लागतं. ग्लोबस असलेला माणूस गोळा गेला का हे बघायला दिवसभर हेच करत राहतो, आणि दर वेळी गोळा अजून तिथेच आहे याची त्याला खात्री पटते. सारखं खाकरल्यानेही तेच होतं. घशाचं अस्तर सुजतं, सुजलं की पुन्हा खाकरावंसं वाटतं.

खरोखर घास अडकत असेल तर तो खाताना अडकतो आणि अमुक पदार्थाला अडकतो. इथे तीन गोष्टी विचारायच्या: कशाला अडकतो, गिळल्यावर किती वेळाने अडकतो, आणि त्रास वाढतोय की येऊन-जाऊन आहे. घरीच तीन-चार दिवस लक्ष ठेवा. पाणी, वरणासह मऊ भात, पोळी, कोरडी भाकरी या क्रमाने कुठे अडतंय ते लिहून काढा. मात्र पाण्यानेच ठसका लागत असेल तर असले प्रयोग करायचे नाहीत.

गिळायला लागल्याबरोबर ठसका लागणं, पाणी नाकातून येणं, दोन-तीनदा गिळूनही तोंडात घास उरणं, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरीत होणं, हे सगळं घशाच्या पातळीवरचं दुखणं आहे आणि बहुधा मज्जातंतू किंवा स्नायूंशी संबंधित. गिळल्यावर काही सेकंदांनी छातीच्या मधल्या हाडामागे अडल्यासारखं वाटलं तर दोष अन्ननलिकेत. ही नळी साधारण २५ सेंटीमीटर लांब असते आणि घास तिच्यातून पोटात जायला आठ-दहा सेकंद घेतो. बोट ठेवून ‘इथे अडतं’ म्हणून दाखवलेली जागा मात्र अर्धीच खरी मानायची. छातीत अडल्याचं जाणवलं तर दोष छातीतच असतो. पण नळीच्या अगदी तळाशी, पोटाजवळ अडथळा असला तरी कित्येकांना तो गळ्यातच वाटतो. त्यामुळे ‘गळ्यात वाटतंय, गळा तपासला, काही नाही’ एवढ्यावर फाइल बंद करायची नसते.

फक्त घट्ट पदार्थ अडत असतील तर नळी कुठेतरी अरुंद झाली आहे. निरोगी अन्ननलिका सुमारे दोन सेंटीमीटरपर्यंत ताणली जाते, आणि आतला व्यास १३ मिलिमीटरच्या खाली गेला की पोळीचा आणि मटणाचा घास जाणवू लागतो. आधी भाकरी, मग पोळी, मग भात, मग पेज, अशी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरंड लागली आणि वजनही उतरू लागलं, तर अन्ननलिकेचा कॅन्सर नाही हे आधी सिद्ध करायचं आणि मग बाकीचा विचार. वर्षानुवर्षांच्या ॲसिडने नळीला व्रण पडून ती आक्रसली तरीही घट्ट पदार्थच आधी अडतात, पण हे सावकाश चालतं आणि आधी छातीत जळजळीचा मोठा इतिहास असतो. मधूनच एखाद्या दिवशी, लग्नाच्या पंगतीत घाईने खाताना घास अडतो आणि मग दोन महिने काही नाही, असं असेल तर नळीच्या तळाशी अस्तराचं पातळ कडं असू शकतं. तरुण माणूस, लहानपणापासून दमा, शिंका किंवा त्वचेची ॲलर्जी, आणि ‘मी पहिल्यापासूनच हळू जेवतो’ म्हणणारा, अशा वेळी अन्ननलिकेच्या ॲलर्जीजन्य सुजेचा विचार करावा. तिचं नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. हिच्यात दुर्बिणीतून नळी चांगली दिसली तरी अस्तराचे वरून आणि खालून मिळून किमान सहा तुकडे तपासायला घ्यावे लागतात, नाहीतर निदान हुकतं.

पहिल्या दिवसापासून पाणी आणि पोळी दोन्ही अडत असतील तर नळी अरुंद नाही, तिची हालचाल बिघडली आहे. यातला ठळक आजार अकॅलेशिया. नळीच्या तळाशी असलेलं झाकण वेळेवर उघडत नाही, अन्न नळीतच साठतं, रात्री आडवं झालं की न पचलेलं अन्न उशीवर येतं, खोकल्याने जाग येते. हे वर आलेलं अन्न आंबट नसतं, कारण ते पोटात गेलेलंच नसतं. जेवताना छाती ताणून, उभं राहून घास खाली ढकलण्याची सवय या लोकांना आपोआप लागलेली असते. अकॅलेशियाचे कितीतरी पेशंट ॲसिडिटीच्या गोळ्यांवर वर्षं काढतात.

आता तुमच्याबद्दल. ४२ वर्षांची स्त्री म्हटल्यावर मी पहिल्यांदा हिमोग्लोबिन विचारेन. पाळीत अंगावरून जास्त जातं का, थकवा येतो का, नखं सपाट किंवा चमच्यासारखी खोलगट झालीत का, ओठांचे कोपरे फाटतात का? लोहाची कमतरता फार दिवस राहिली तर अन्ननलिकेच्या अगदी सुरुवातीला अस्तराचा पातळ पडदा तयार होऊ शकतो आणि पोळीचा घास तिथे अडतो. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. पण नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिन ही लोहाच्या साठ्याची तपासणीही करा, कारण शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. पडदा बारीक असेल तर लोह भरून काढल्यावर त्रास कमी होतो. जाड असेल तर दुर्बिणीतून नळी रुंद करतात. अशा पेशंटना पुढे त्याच भागात कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून ‘पडदा फाटला, प्रश्न मिटला’ असं न समजता तपासण्या चालू ठेवायच्या.

दुसरी गोष्ट थायरॉइड. आरशासमोर मान किंचित वर करून पाण्याचा घोट गिळा आणि कंठाच्या खालच्या भागाकडे बघा. गिळताना एखादी गाठ किंवा फुगवटा वर सरकताना दिसला तर मानेची सोनोग्राफी आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. छोट्या गाठीमुळे घास अडत नाही, पण गळ्यात दाब वाटू शकतो. मोठा गलगंड छातीच्या हाडामागे उतरला असेल तर दोन्ही हात कानाला लावून मिनिटभर वर धरल्यावर चेहरा लाल होतो आणि गुदमरायला होतं.

ॲसिडचा वाटाही असू शकतो. घसा खवखवणं, सकाळी आवाज बसणं, सतत खाकरणं, तोंडात आंबट येणं अशी सोबत असेल तर जास्तच. पण पंधरा दिवसांत फरक पडला नाही यावरून काहीच ठरत नाही. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जेवणानंतर घेतल्या तर निम्म्या वाया जातात. त्या सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायच्या आणि परिणाम जोखायला आठ आठवडे द्यायचे. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा लावून १५ ते २० सेंटीमीटर उचलायचे. दोन उशा घेऊन हे साधत नाही, त्याने पोट दुमडतं आणि ॲसिड उलट वर येतं.

औषधाच्या गोळ्याच घसा जाळतात हे फारसं कुणी ध्यानात घेत नाही. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, लोहाच्या गोळ्या, वेदनाशामक, हाडांसाठीची ॲलेन्ड्रोनेट, पोटॅशियमच्या गोळ्या. चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर गोळी टाकायची आणि लगेच आडवं व्हायचं, की ती नळीत चिकटून तिथेच विरघळते. दुसऱ्या दिवशी घोटभर पाणीही छातीत सुरी फिरल्यासारखं लागतं. गोळी नेहमी बसून किंवा उभं राहून, पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवं होऊ नये.

आणि तंबाखू. मशेरी लावता का, हा प्रश्न बायकांना सरळ विचारावा लागतो, कारण ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं की उत्तर नाही असंच येतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी, मावा, खर्रा चालूच आहे. सुपारीने तोंडाचं अस्तर कडक होत जातं: आधी तिखट झोंबतं, मग जबडा उघडेना होतो. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना एकाच बाजूच्या कानात मारणारी कळ, मानेत कडक गाठ, थुंकीत रक्त, यातलं काहीही असेल तर घरगुती काढे बंद करून त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं.

आवळण्याबद्दल थोडं वेगळं सांगतो, कारण त्यातली काही कारणं घशातली नसतातच. जिना चढताना, भरभर चालताना घसा किंवा जबडा आवळतो आणि थांबल्यावर पाच मिनिटांत सुटतो, असं असेल तर ते हृदयाचं दुखणं धरून चालायचं आणि आधी ईसीजी काढायचा. मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत छातीत न दुखता एवढंच होऊ शकतं. औषध, इंजेक्शन, कोळंबी, शेंगदाणे किंवा गांधीलमाशीच्या डंखानंतर काही मिनिटांत घसा आवळला, अंगावर पित्त उठलं, आवाज बदलला, तर ती जिवावरची ॲलर्जी आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच तिच्यावरचा इलाज. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका, १०८ ला फोन लावा. रक्तदाबासाठी नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येणारी गोळी, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, चालू असेल तर ती सुरू करून वर्षं लोटल्यावरही ओठ, जीभ, घसा अचानक सुजू शकतो. त्याला खाज नसते, पित्त उठत नाही आणि ॲलर्जीच्या औषधांनी तो उतरत नाही. गोळी कायमची बंद करून दुसऱ्या गटातली घ्यावी लागते.

तापासोबत घसा आवळला असेल तर तोंड उघडता येतंय का आणि लाळ गिळता येतेय का, हे बघायचं. टॉन्सिलच्या बाजूला पू झाला की माणूस तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलतो आणि मान एका बाजूला धरून बसतो. पू काढावाच लागतो, नुसत्या प्रतिजैविकांनी भागत नाही.

गावाकडे पावसाळ्यात एक चित्र ओळखता आलंच पाहिजे. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, थुंकी गिळवत नाही. अंगावर सूज नाही, दंशाची खूणही दिसत नाही. हा मण्यारचा दंश समजायचा आणि श्वासाचं यंत्र व सापाच्या विषावरचं प्रतिविष असलेल्या रुग्णालयात तडक न्यायचं. त्या माणसाला पाणी, काढा काही पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी जबडा आखडून गिळता येईना झालं तर धनुर्वात.

घरात पक्षाघात झालेलं किंवा कंपवात असलेलं माणूस असेल तर त्यांना पाणी सगळ्यात अवघड जातं, हे घरच्यांना उलटं वाटतं. पाणी वेगाने घसरतं आणि घसा मिटायच्या आत श्वासनलिकेकडे वळतं. घट्ट ताक, दाट पेज, एकजीव केलेला वरणभात त्यांना सोपा. पातळ आमटीत तरंगणारा मोकळा भात, चिवडा, दुधातले पोहे टाळा, कारण एकाच घासात पातळ आणि घट्ट दोन्ही सांभाळावं लागतं. खुर्चीत ताठ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे, चहाचा छोटा चमचा, आधीचा घास गेल्यावरच पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. पहिले घास नीट जातात, जेवण संपेपर्यंत चावणं-गिळणं थकतं आणि संध्याकाळी पापण्या उतरतात, असं असेल तर मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची तपासणी हवी.

कोकण-गोव्यात घशात काटा लागला की कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला देतात. देऊ नका. वर टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुतलेला काटा डॉक्टर बॅटरीच्या उजेडात चिमट्याने काढू शकतात. भाताने तो खोल जातो. काटा निघून गेल्यावरही ओरखड्यामुळे दिवस-दोन दिवस टोचत राहतं. पण टोचणं वाढत गेलं, ताप आला किंवा छातीत-मानेत दुखू लागलं तर थांबू नका. माशाचे कितीतरी काटे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, सीटी स्कॅन लागतो.

तुम्ही सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून करा. नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घालून दोन-तीन मिनिटांत घसा आणि स्वरयंत्र दिसतं, भूल लागत नाही. सोबत सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन, टीएसएच. तिथे सगळं ठीक निघालं आणि तुमचा त्रास फक्त गोळ्याचाच असता, तर मी पुढे तपासण्या करायला सांगितल्या नसत्या. पण चपातीला पाण्याचा घोट लागतो, हे मला सोडून देता येत नाही. ते खरोखर घडत असेल तर पोटविकार तज्ज्ञांकडून एंडोस्कोपी, म्हणजे अन्ननलिकेची दुर्बिणीने तपासणी करून घ्या, वजन उतरलेलं नसलं तरी. सहा तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, दुर्बीण करंगळीहून बारीक असते, पाच-दहा मिनिटांचं काम. बधिरपणा जाईपर्यंत तासभर काही खायचं-प्यायचं नाही. नळी चांगली दिसली तरी अस्तराचे तुकडे तपासायला घेणार का, हे आधीच विचारा. घशाजवळचा पातळ पडदा दुर्बीण आत जाताना नकळत फाटून जातो आणि रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ येतं, म्हणून लोह कमी निघालं तर आधी बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं द्रावण) पाजून एक्स-रे काढलेला बरा. एंडोस्कोपी चांगली आली आणि घास तरीही अडत राहिला, तर नळीतला दाब मोजणारी मॅनोमेट्री करतात. ती सगळीकडे होत नाही, मोठ्या शहरात जावं लागेल.

सगळं साफ निघालं तर घशातल्या गोळ्यावर इलाज आहे, फक्त तो गोळीत नाही. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा छोटा घोट घ्या. दिवसातून चार-पाच वेळा जांभई दिल्यासारखं तोंड उघडून हलकेच उसासा सोडा, मग ओठ मिटून मिनिटभर गुणगुणा. त्याने कंठाचे स्नायू सैल पडतात. वाचा-उपचार तज्ज्ञ हे व्यवस्थित शिकवतात. काही आठवडे लागतात, आणि ताणाच्या दिवसांत गोळा परत डोकावतो.

वर सांगितलेली नोंद झाली की तपासण्या होईपर्यंत पोळी वरणात कुस्करून खा, घास लहान घ्या, कोरडी भाकरी आणि मटणाचे मोठे तुकडे टाळा. एखादा घास अडलाच आणि स्वतःची थुंकीही खाली जात नसेल, लाळ बाहेर येत असेल, तर वरून पाणी किंवा सोडा पिऊन तो ढकलू नका. त्याच रात्री एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. घास अडूनही बोलता येत असेल तर प्रवासापुरता वेळ असतो. बोलता येत नसेल, खोकला फुटत नसेल, तर घास श्वासनलिकेत गेला आहे. अशा वेळी घरच्यांनी पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा मारायच्या, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके द्यायचे, आणि श्वास मोकळा होईपर्यंत हेच आलटून पालटून करायचं.